माझ्या नावावरच्या गोळ्या

सुनेला मी सांगितलं की माझे गुडघे यवतमाळच्या डॉक्टरला दाखवायचे आहेत आणि तिथल्या पाट्या वाचायला पोरगी सोबत लागेल. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मी अजून उकिडवी बसून सूपभर तूर निवडते. पण म्हातारीच्या गुडघ्यांवर शंका घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि या एका गोष्टीचा मी पुरेपूर फायदा घेते.

दाखवायचं होतं ते नातीला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पाळी आली की आठवडा उलटला तरी थांबत नव्हती. अंगणातून विहिरीपर्यंत जाताना भिंतीला हात लावत जायची, ओठ खडूसारखे पांढरे. वर्गात चक्कर येऊन पडली तेव्हा मैत्रिणींनी घरी आणून सोडली. सुनेने तिला लिंबूपाणी पाजलं आणि शेजारी जमलेल्या बायांना सांगितलं, उन्हानं झालं. थंडीचे दिवस होते.

सून वाईट नाही. तिला घाई आहे, इतकंच. मारेगावकडचं एक स्थळ आलं होतं, कापूस घरी आला की मंडळी बघायला येणार होती. लग्नाआधी पोरगी बायांच्या डॉक्टरकडे गेली हे कोणाच्या कानावर गेलं, तर ती कशाला गेली हे लोक आपल्या मनानं ठरवतात. मी विषय काढला तेव्हा ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "लग्न झालं का आपोआप ठीक होते सारं."

आपोआप. माझ्या सासूबाईंचाही हाच शब्द होता.

वणी आम्हाला जवळ, पण वणीच्या दवाखान्यात अर्धं गाव बसलेलं असतं. म्हणून लांब यवतमाळ. एसटीत खिडकीशी बसल्यावर नातीने हळूच विचारलं, "आजी, तिथं नेमकं काय करतात?"

मी तिला माझी गोष्ट सांगितली. धीर द्यायला सांगितली असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे मला ती गोष्ट सांगायला मजा येते. तिच्यातल्या पोरीला मी बयताड म्हणते. तिला मूर्ख म्हणणं म्हणजे मूर्खांचा अपमान.

तर ही बयताड एकोणीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, कूस रिकामी. सासूबाईंनी फर्मान काढलं, उद्या डॉक्टरणीकडे जायचं. बयताडीने काय तयारी केली असेल? पाय वजरीने घासले. पिवळं ठेवणीतलं लुगडं काढलं. आणि जीभ! राखुंडीने जीभ घासून घासून लाल केली. कारण डॉक्टर जीभ बघतो आणि नाडी बघतो, एवढंच तिला माहीत. आपली जीभ स्वच्छ निघाली तर घराण्याचं नाव राहील, अशी तिची समजूत.

डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला, पाळीची शेवटची तारीख कोणती. सासूबाईंनी तिथी सांगितली, वार सांगितला, किती दिवस चालली ते सांगितलं. त्यांना माहीत असणारच. चार दिवस बयताड मागच्या अंगणात तुराट्यांच्या ताटव्याआड बसायची, आणि ताटव्याच्या फटीतून सगळी गल्ली जायची. शेजारच्या म्हाताऱ्याला माहीत, दूध घालणाऱ्याला माहीत. जिचं अंग तिलाच तेवढं तारखेचं काही पडलेलं नव्हतं. लक्षात ठेवायचं काम जग करतंय, मग आपण कशाला डोकं चालवायचं?

मग तिला टेबलावर झोपायला सांगितलं. झोपल्या झोपल्या तिने जीभ बाहेर काढली.

नात इथे एवढी हसली की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मी तिला हसू दिलं, कारण पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

काय करणार आहेत हे बयताडीला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज कोणाला वाटली नाही. सासूबाईंनी दोन्ही गुडघे धरले आणि "हलू नको" म्हणाल्या. लोखंड थंड होतं. डॉक्टरणीने मान वर न करता विचारलं, "दुखतं का?"

"नाही दुखत तिले," सासूबाई म्हणाल्या.

बयताडीने पदर तोंडात कोंबला. विचार करा, जीभ एवढी घासून आणलेली, आणि ती वापरायची तेव्हा तिच्यावर पदराचा बोळा. परत येताना बसमध्ये ती मांड्या आवळून बसली, कारण आपल्या आतलं काहीतरी डॉक्टरणीने काढून ठेवून घेतलं अशी तिची खात्री झाली होती. काय काढलं हे विचारायचं धाडस तिला वर्षभर झालं नाही. डॉक्टरणीने तर सांगितलं होतं की सुनेत काही दोष नाही, आता मुलाला घेऊन या. सासूबाई बसस्टँडवर म्हणाल्या, डॉक्टरीन येडी आहे. पुढे दोन वर्षांनी मला मुलगा झाला तेव्हा त्याचं श्रेय त्यांनी गावच्या देवीला दिलं. मी आणि नवरा, आम्ही दोघं फक्त हजर होतो.

नात आता हसत नव्हती. खिडकीच्या गजाला तिने घट्ट धरलं होतं. "मलेही तसंच करतील?" तिने विचारलं.

धीर द्यायला निघालेली बाई मी, आणि पोरीला टेबलाच्या भीतीने अर्धी करून ठेवली. हिवरीचा थांबा मागे पडल्यावर ती म्हणाली, आपण परत जाऊ. मी म्हटलं, परतीची गाडी नाही. गाड्या होत्या.

दवाखान्यात बाकावर आमच्यासमोर एक जाडजूड बाई बसली होती. तिने नातीचा गळा बघितला, मंगळसूत्र नाही, पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गोड आवाजात विचारलं, "पोरीचं काय झालं?" मी म्हटलं, तुमच्या पोरीचं जे झालं तेच. तिच्या बाजूला तिची मुलगी पदर ओढून बसली होती. बाईने तोंड फिरवलं. त्या मुलीला माझ्या तोंडचा मार विनाकारण बसला, पण ती लपून हसली असं मला वाटलं.

आत डॉक्टर तरुण होती, चष्म्याची. तिने नातीला खुर्ची दिली आणि मला भिंतीकडचं स्टूल. शेवटची तारीख विचारली. नातीने मोबाइल काढून तारीख सांगितली, आधीच्या महिन्यांचीही सांगितली. घरात कोणालाही यातली एकही माहीत नव्हती. डॉक्टरने विचारलं, किती वेळाने पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात का, घरात आणखी कोणाला असं होतं का. पोरगी खाली बघत, पण सरळ उत्तरं देत होती. मी ऐकत होते आणि मनात बयताडीला शिव्या घालत होते.

मग डॉक्टरने विचारलं, "दुखतं का?"

"लय दुखते तिले," मी म्हटलं.

नातीने माझ्याकडे बघितलं. ती बघण्याची तऱ्हा मला ठाऊक होती. टेबलावरून सासूबाईंकडे तसंच बघितलं होतं मी. मी प्रेमाने बोलले हो, पण सासूबाईंनाही आपण प्रेमच करतोय असं वाटत असणार. पन्नास वर्षं मी त्यांना हसले आणि गुडघे धरायला माझेच हात पुढे.

डॉक्टर शांतपणे म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा. तिच्याशी मला एकटीशी बोलायचंय."

मी बाहेर बसले. जाडजूड बाई आता माझ्याकडे बघून हसत होती. तिला तो हक्क होता.

आत काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. बाहेर आल्यावर नातीने एवढंच सांगितलं: आतून तपासणी केली नाही, डॉक्टर गरज नाही म्हणाली, आणि कधी करायची झाली तर आधी हिलाच विचारून करणार. हाताचं रक्त घेतलं. मग बाटलीभर पाणी पिऊन, पोट तट्ट होईपर्यंत थांबून, पोटावरून सोनोग्राफी. त्यात वावगं काही निघालं नाही. रक्त मात्र इतकं कमी निघालं की डॉक्टरने मला परत आत बोलावून झापलं. आणखी दोन महिने थांबला असतात तर हिला रक्ताची बाटली चढवावी लागली असती, म्हणाली. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळी आटोक्यात ठेवायला आणखी एक पाकीट. ते पाकीट कोणत्या गोळ्यांचं हेही तिने लपवलं नाही. मूल होऊ नये म्हणून बाया घेतात त्याच या, पण हिला रक्त थांबवायला दिल्यात, मध्येच बंद करायच्या नाहीत.

नात मेडिकलच्या पायरीवर थांबली, वर येईना. दुकानदाराने पाकीट काढलं, मान लांबवून तिच्याकडे बघितलं. मी पाकीट उचलून कमरेला खोचलं आणि त्याला म्हटलं की त्या मला लागतात. त्याने सुटे पैसे न बघताच परत दिले.

घरी ते पाकीट लपेल इतकं आमचं घर मोठं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला माझ्या पान-तंबाखूच्या डबीत सापडलं. तिने ओळखलं, धाकट्या पोराच्या बाळंतपणानंतर तिनेही घेतल्या होत्या. डबी हातात घेऊन ती नातीकडे वळली. पोरीच्या चेहऱ्यावर होतं नव्हतं ते रक्तही गेलं.

"ह्या कोणाच्या व्हय?" सुनेने विचारलं.

"माह्या," मी म्हटलं.

"या वयात?"

"तुहा सासरा सपनात येते. मेला तरी त्याचा भरोसा नाही."

सुनेच्या हातून डबी पडता पडता राहिली. तिने ती माझ्यासमोर ठेवली, जणू विंचू ठेवला. तिला खरं काय ते तेव्हाच कळलं असेल, एवढी ती बावळी नाही. पण खरं मानायचं तर पोरीला विचारावं लागणार, आणि म्हातारीला वेड लागलं म्हणणं सोपं. संध्याकाळपर्यंत तिने गल्लीला सांगून टाकलं. आता मी दारात बसले की बाया पदर तोंडाला लावून जातात. विधवा बाई, सत्तरीची, आणि काय ही थेरं. नातीबद्दल चकार शब्द नाही. मारेगावची मंडळी आली, त्यांना आजी जरा डोक्याने गेलीय असं आधीच सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर एक डोळा मारला.

स्थळाचं काय होईल ते होवो. पोरगी विहिरीपर्यंत भिंतीला हात न लावता जाते.

जेवण झालं की ती मला पाणी द्यायला येते. डबी मी सासूबाईंच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली आहे. मी माझी बीपीची गोळी घेते, ती तिची घेते. हार घातलेल्या सासूबाई वरून बघत असतात. गल्लीतल्या प्रत्येकीची तारीख त्यांना तोंडपाठ असायची. हिची तारीख विचारायची मात्र त्यांना सोय नाही.