शिव्यांवर जगलेला कलाकार

इतवारीत भांड्यांच्या दुकानात वसंतराव धकाते गंजांवर, परातींवर गिऱ्हाइकांची नावं कोरतात. स्वतःचं नाव मात्र त्यांनी आजवर कशावरच घातलं नाही. हातात कला होती, पण ती चारचौघांत दाखवायची म्हटली की लोक नावं ठेवतील म्हणून ते मागं सरायचे.

अपवाद एकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापीडा घालवायच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीचा बडग्या तेच करायचे. बांबू, तणस अन् रद्दीचा हा पुतळा, कधी महागाईचा, कधी डेंग्यूचा. लोक त्याला नाचवत नेतात, मनसोक्त शिव्या घालतात आणि शेवटी जाळून टाकतात. वसंतरावांना हा सौदा फार पसंत होता. शिव्या ठरलेल्या, अन् संध्याकाळी पुराव्याची राख.

यंदा त्यांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडग्या केला. त्याचा चेहरा असा बेरकी, हसरा उतरला की काडी लावायला कोणाचा हातच पुढे होईना. "डोकं नाही जाळत, काका," म्हणत गल्लीवाल्यांनी ते उतरवलं आणि वसंतरावांच्याच ओट्यावर आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढं ही गर्दी. वसंतराव बनियनवर दाराआड उभे, घामाघूम होऊन शिव्यांची वाट पाहत. एकही शिवी आली नाही.

"काहून वं, कोणीच काही बोलून नाही राहिलं?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"शर्ट घाला अन् बाहेर या," सिंधूताई म्हणाल्या. "तुमची कारागिरी पाहून राहिले ते."