म्हशीला गाणारी केंदूरकरीण

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे म्हशीची धार. संध्याकाळची वेळ. मी बादली गुडघ्यांत धरून खाली बसलेलो, आणि केंदूरकरीण म्हशीच्या गळ्याखाली खाजवत, गात उभी. बोटं वाकडी झाल्यापासून तिला धार काढता येत नव्हती, म्हणून मी काढायचो. पण तिच्या गाण्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नव्हती. अशी आमची वाटणी.

केंदूरकरीण म्हणजे माझी बायको. माहेर तिकडं शिरूर तालुक्यात, केंदूरला. दिली इकडं दौंडात, वरवंडजवळ आमच्या वस्तीवर. नातवंडं झाली तरी वस्ती तिला केंदूरकरीणच म्हणायची. मीही तेच म्हणायचो. मी चौथी शिकलेला माणूस, मला गाण्यातलं काही कळत नाही. एवढंच कळतं, की ती गायची तिथं कामं व्हायची.

या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मेलं. म्हैस दूध चोरायला लागली, लाथा झाडायला लागली. मी म्हणालो, "विकून टाकू." तर म्हणते, "तुमची आई गेली तवा तुमीबी जेवत नव्हता. तवा तुमाला कुणी बाजारात न्हेलं का?" आणि गोठ्यात जाऊन गायला लागली. पहिले काही दिवस म्हैस नुसती कान हलवायची. मग एका सकाळी सड ओले झाले.

गाणं ती स्वतःच जुळवायची. 'काळे माझे गंगे गं, तळ्यावरनं ये गं' अशी सुरुवात, आणि पुढं आमच्या घरातली गाऱ्हाणी. माझ्याशी समोरासमोर भांडायची नाही. 'कारभाऱ्यानं भाजीला नाव ठेवलं गं, गंगे, नाव ठेवून सगळी खाल्ली गं.' मी खालून म्हणायचो, "ऐकतोय मी." ती म्हणायची, "तुमाला कोण सांगतंय? मी म्हशीला सांगतीया."

कांद्याच्या खुरपणीला बायकांची टोळी तिच्याशिवाय निघत नव्हती. पुढं एका पोरीनं गाण्याचा डबा आणला, मोबाईलवर चालणारा. शेतमालक खूश. केंदूरकरीण म्हणाली, "डबा लई ग्वाड गातो. पण मागं राहिलीला घ्यायला थांबत न्हाई." ते खरं होतं. एखादीचा हात मंद पडला की ही गाणं सैल करायची, ती पातीला, बाकीच्यांच्या बरोबरीला येईस्तोवर तीच ओळ घोळवायची. कुणाला 'उरक गं' म्हणायची वेळ आणायची नाही.

शेजारच्या भागवतच्या सुनेचं पहिलं मूल गेलं. पोरगी महिनोन्‌महिने कुणाशी बोलेना. देवऋषी झाला, दवाखाना झाला. केंदूरकरीण तिला खुरपायला घेऊन गेली आणि आपल्या शेजारच्या पातीला बसवली. तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. गात राहिली. कांदे काढणीला आले तेव्हा त्या पोरीनं एकदा तोंडातल्या तोंडात ओळ उचलली. केंदूरकरणीनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मात्र मला म्हणाली, "आज च्यात साखर जास्त टाकते. काय म्हनू नका."

त्या शेवटच्या संध्याकाळी गाऱ्हाणं माझ्या शर्टाचं होतं. बटण तुटलंय, आणि मी तसाच वरवंडच्या बाजारात हिंडतो, गंगे. मी हसलो, धार वाकडी गेली. जेवणं झाली. "जरा टेकते," म्हणाली. सकाळी हाक मारली तर उठली नाही.

तिला ओसरीवर ठेवली. शिरूरहून मुलगी यायची होती, तोवर थांबायचं होतं. माणसं जमली. आणि गोठ्यात म्हैस ओरडायला लागली.

बायका म्हणाल्या, "आबा, तुमी बसा हितं." मी बादली घेऊन गेलो. कास दगडासारखी झालेली. सड धरले, थेंब नाही. म्हैस दाराकडं बघत होती. भागवत मागनं आला, त्यानं मोबाईलवर गाणं लावलं. म्हशीनं लाथ घातली, बादली भिंतीवर गेली.

मग मी म्हणून बघितलं. 'काळे माझे गंगे गं.' पुढं गाऱ्हाणं घालायचं असतं. माझ्याकडं एकच होतं, ते म्हशीला सांगून काय उपयोग.

भागवत हळूच म्हणाला, "आबा, लई तटलीय हो ती. माझ्याकडं सुई हाय, पान्ह्याची."

ही सुई टोचली की जनावर दूध सोडतं, त्याच्या मनात असो नसो. बंदी आहे म्हणतात, पण मिळते. केंदूरकरणीनं ती आमच्या गोठ्यात येऊ दिली नव्हती.

मी म्हणालो, "दे टोचून."

म्हैस थरथरली आणि दूध आलं. भरपूर आलं. बादलीत फेस चढला. तेवढ्यात ओसरीवर मुलीचा हंबरडा ऐकू आला. भागवत म्हणाला, "आबा, ताई आली."

मी उठलो नाही. चारही सड रिकामे होईस्तोवर धार काढत राहिलो.