एकाच अंगठ्याचं पिस्तूल

विस्कॉन्सिनच्या आमच्या या डोंगराळ कोपऱ्यात जनावर मरणाला टेकलं आणि मरण काही येईना, की आर्डिस ट्वेटनला बोलवायची रीत आहे. घोड्याचा पाय मोडो, गाय ओढ्यात घसरून कंबरेतून जावो. आर्डिस येते, एक गोळी घालते आणि निघून जाते. याचं ती काही घेत नाही. आधी हे काम तिचा नवरा पामर करायचा. तो गेल्यावर त्याचं पिस्तूल आणि काम दोन्ही तिच्या गळ्यात पडलं.

पण आर्डिसची खरी किंमत गोळीत नव्हती, थांबण्यात होती. आल्या आल्या ती जनावराशेजारी बूड टेकायची. थर्मासातली कॉफी झाकणात ओतून घ्यायची, कान चाचपायची, पापणी उलटी करून बघायची. कॉफी संपेस्तोवर पिस्तूल पिशवीत. कितीतरी जनावरं तेवढ्या वेळात उठून उभी राहिली आहेत. मग ती म्हणायची, "घ्या, म्हातारी फुकट आली. आता निदान केकचा तुकडा तरी द्या."

गेल्या हिवाळ्यात तिचा हात कापायला लागला. बाई डावखुरी, आणि पामरचं पिस्तूल त्यानं स्वतःच्या उजव्या हाताच्या मापानं घडवून घेतलेलं, बाराशे डॉलरचं धूड. आमच्या शेजारच्या लिंडालच्या घोडीला तिला दुसरी गोळी घालावी लागली. दोन गोळ्यांच्या मधे घोडी ओरडली.

"गॉर्डी," ती मला म्हणाली, "पुन्यांदा असं झालं तर म्या हे सोडलं. जनावर भरवशानं आपल्याकडं बघतं आन आपण त्याचे हाल करायचे, व्हय?"

म्हणून मी तिला मिलो रुझिकाकडे घेऊन गेलो. मिलो बंदुका दुरुस्त करतो. त्याच्याकडे नुकतीच एक पेटी आली होती: नकाशावरनं पुसून गेलेल्या कुठल्याशा देशानं मोडीत काढलेली शिपायांची पिस्तुलं. घट्ट वंगणात मुरत पडलेली, लोणच्याच्या बरणीतल्या फोडींसारखी. कुठलंही उचला, दीडशे डॉलर.

"दीडशात काय येतं? कुत्र्याचा पट्टा," आर्डिस म्हणाली.

"अगं बये, पिस्तुलाला स्वतःची किंमत वाचता येत न्हाई. आधी झाडून बघ, मग तोंड वाजव."

दुकानामागं बर्फाच्या ढिगावर त्यानं कागदी ताटल्या लावल्या. पामरचं पिस्तूल आणि पेटीतलं एक, दोन्ही स्वतः झाडून दाखवली. दोन्ही ताटल्यांवरची भोकं एकाच बशीखाली झाकली असती. "बघ. तुझा पामर साडेदहाशे डॉलर नुसता मिरवत व्हता."

"मेलेल्याला नावं ठेवू नको रे म्हसोबा," असं म्हणत तिनं पेटीत हात घातला आणि तळाचं एक उचललं.

तिचा हात थांबला. थरथर कमी झाली असं नाही, थांबलीच. तिनं बार काढले. सगळ्या बारांचं ताटलीत एकच भोक पडलं, कडा जरा फाटलेली. मी टाळी वाजवणार होतो, पण तिचा चेहरा बघून हात तसेच राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धुतलेल्या फळीसारखा.

"हेच दे," ती म्हणाली.

मिलोनं ते पुसून खोललं. नळीतून उजेडाकडं बघितलं, मूठ फिरवून बघितली, पुन्हा नळीतून बघितलं. मग त्यानं दुसरं एक खोलून दोन्ही शेजारी ठेवली.

"शिपायाचं पिस्तूल कमरेला लटकून झिजतं," तो म्हणाला. "म्यानात घासून वरचा रंग उडतो. आत मात्र नव्या नवरीगत, कारण झाडतंय कोण? हे उलटं हाय. वर ओरखडा न्हाई. आतनं मात्र हजारो बार झालेत."

"नेमबाजीच्या शाळेतलं असंल," मी म्हटलं.

"शाळेतलं धा हातांतनं फिरतं. हिथं बघ." मुठीच्या लाकडाला उजव्या अंगाला एक खळगा पडला होता, गुळगुळीत, अंगठ्याएवढा. "एकच माणूस. डावखुरा. हे कधी भाईर न्हाई गेलं. एका खोलीत राह्यलं, आन तिथं ह्यानं माणसं..." त्यानं पिस्तूल फडक्यावर ठेवून दिलं. "आर्डिस, दुसरं घे. सगळी सारखीच नेमकी हायत."

"कुऱ्हाड कुणाच्या घरची व्हती, ते लाकडाला काय कळतंय?" तिनं अंगठा खळग्यात ठेवला. बरोब्बर बसला.

त्या हिवाळ्यात लोक तिचं कौतुक करत होते. एक गोळी, जनावर आवाज न करता खाली. मग लिंडाल मला दाण्याच्या गिरणीत भेटला आणि आजूबाजूला बघत म्हणाला, "गॉर्डी, म्हातारी आता बसत न्हाई रं. माझ्या मेंढीसाठी आली आन म्हणली, हिचं तोंड भिंतीकडं करा."

"मग?"

"मग काय? केलं. तिच्या आवाजाला न्हाई म्हणवंना."

मार्चमध्ये आमची डागमार गाय व्याली आणि बसली. दुधाचा ताप, म्हणजे अंगातलं कॅल्शियम उतरून गाय गार पडते तो. मान पोटाकडं वळवून पडली, कान बर्फागत. डॉक्टरनं येऊन शिरेत कॅल्शियमची बाटली लावली, म्हणाला संध्याकाळपर्यंत वाट बघा, आणि गेला. माझ्या बायकोला, लव्हॉनला, दम निघेना. तिनं आर्डिसला फोन केला. मारायला नव्हे, शेजारी बसायला. गाय उठणार की नाही हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

आर्डिस आली ती हातात पिस्तूल घेऊनच. थर्मास नाही, पिशवी नाही. गोठ्यात लख्ख दुपार होती, तरी तिच्यामागं दार लोटल्यावर बाकीच्या गायी रवंथ करायच्या थांबल्या.

"तोंड भिंतीकडं करा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण सपाट. रोज तेच वाक्य बोलून झिजलेला.

"अगं, आत्ताच बाटली लावलीया," लव्हॉन म्हणाली. "जरा येळ दे."

"येळ कशाला?"

तिनं डावा हात उचलला. हात दगडासारखा स्थिर. लव्हॉन दाणकन गायीच्या मानेला पाठ लावून बसली. पिस्तुलाचं तोंड आता तिच्या कपाळासमोर होतं.

"आर्डिस ट्वेटन," ती म्हणाली, "माझ्या गोठ्यात यायचं तर आधी बसायचं. हे तूच मला शिकवलंस. हिचे कान बघ. दोन्ही बघ, एका हातानं न्हाई."

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली, म्हणजे तिच्याकडे नव्हे, ती जिथं होती त्या जागेकडे. मला वाटलं, आता वाजतंय. लव्हॉन हलली नाही.

"कान, आर्डिस."

दोन्ही कान धरायचे तर हात मोकळे हवेत. शेवटी ती गुडघ्यांवर खाली आली आणि पिस्तूल पेंढ्यात ठेवलं. अंगठा खळग्यातून सुटताना चिकटल्यासारखा सुटला. तिनं कान धरले. मग तिची बोटं कापायला लागली, मनगटं कापायला लागली, पार खांद्यापर्यंत.

"मुळाशी ऊन लागतंय," ती म्हणाली.

आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. डागमारनं आधी मान सरळ केली, मग मागचे पाय रोवले, आणि लव्हॉनला बाजूला ढकलत उभी राहिली.

"म्या आल्यावर काय बोलले?" आर्डिसनं विचारलं.

लव्हॉननं सांगितलं. आर्डिसला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. "भिंतीकडं? कशापायी?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला मिलोनं सांगितलेली ती एक खोली आठवली.

पिस्तूल मीच मिलोला परत नेऊन दिलं, फडक्यात गुंडाळून. त्यानं मूठ काढून शेगडीत टाकली. मुरलेल्या वंगणानं ती बराच वेळ जळत होती. नवी मूठ बसवून पिस्तूल त्यानं एका उजव्या हाताच्या गिऱ्हाईकाला विकलं. नेम उत्तम बसतो म्हणे. बसणारच.

आर्डिसनं पामरचं पिस्तूल पुन्हा काढलं आहे. काम सोडलं नाही, पण आता मनगट धरायला माणूस लागतो. गेल्या आठवड्यात लिंडालच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या वेळी मी धरलं होतं. तिची थरथर माझ्या कोपरापर्यंत चढली. "घट्ट धर की रं, काय पाहुण्यासारखा धरतोस," ती ओरडली. मी आवळून धरलं. गोळी बरोबर बसली, आणि त्यानंतर आम्हा दोघांनाही बराच वेळ उठता आलं नाही.