साळवींच्या कार्डावरचा माणूस

लेफ्ट-आउट काका घरातसुद्धा डाव्या कडेने चालायचे. जिन्यात डावीकडून, स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या टोकाला, आणि डून लेरी बंदराच्या धक्क्यावर फिरायला नेलं की पाण्याच्या इतक्या जवळून की त्यांच्या मुलाचा, मंदारचा, जीव खालीवर व्हायचा. हॉकीत ते आघाडीच्या फळीत अगदी डाव्या टोकाला खेळायचे. त्या जागेला लेफ्ट-आउट म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला आणि खेळ सुटला, जागा काही सुटली नाही. इथल्या गाड्याही डाव्या बाजूनेच धावतात हे पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी आयर्लंडला पास करून टाकलं. "समजूतदार देश आहे," ते म्हणाले.

मंदार साळवी आणि मी एकाच कंपनीत होतो आणि झोपायच्या दोन खोल्यांचं एक घर भाड्याने घेऊन राहत होतो. २०२०च्या फेब्रुवारीत त्याचे वडील सहा आठवड्यांसाठी खडकीहून आले आणि त्यांच्या पाठोपाठ विमानं बंद झाली. मंदारने आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः सोफ्यावर आला. त्यातच सरकारने सांगितलं की सत्तरीपुढच्यांनी घरातून बाहेरच पडायचं नाही. त्याला इथे 'कोकूनिंग' म्हणायचे. काका तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला, कोशात गुरफटून राहणं.

"म्हणजे आम्ही रेशमाचे किडे," ते म्हणाले. "उकळत्या पाण्यात कधी टाकणार तेवढं विचारून ठेव."

त्यांच्या बॅगेत चार स्वेटर, दोन किलो मेतकूट आणि पंचाची एक शिट्टी होती. शिट्टी कशाला आणली हे विचारल्यावर "लागते," एवढंच उत्तर मिळालं. एप्रिलमध्ये ती लागली. सगळे खेळ बंद असल्यामुळे टीव्हीवर हर्लिंगचे जुने सामने दाखवायचे. हर्लिंग हा इथला खेळ. हातात हॉकीसारखीच काठी, पण ती डोक्यावरून गरगर फिरवायची पूर्ण मुभा. काकांच्या काळी हॉकीत स्टिक खांद्याच्या वर गेली की फाऊल. त्यामुळे ते सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून दर मिनिटाला शिट्टी मारायचे. वरच्या मजल्यावर आमच्या मीटिंगा चालू. एकदा माझ्या मॅनेजरने विचारलं की तुमच्याकडे आगीचा सराव आहे का. मी हो म्हणालो.

शिट्टी शेजारीही जात होतीच. शेजारी ब्रीडा नावाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. त्या बागेच्या भिंतीवरून मंदारला म्हणाल्या, "युअर मॅन शिट्टीवाला कसा आहे?"

काकांनी ते ऐकलं. "ही बाई मला 'तुझा माणूस' का म्हणते?" मंदारने समजावलं की इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गृहस्थ', तुझा-माझा असं काही नसतं. काकांना ते फार आवडलं. पुढचे चार महिने ते घरमालकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना 'युअर मॅन' म्हणत होते.

मे महिन्यात म्हाताऱ्यांना थोडं फिरायची परवानगी मिळाली, तेव्हा ब्रीडाबाईंनी गॅरेजमधून दोन जुन्या हॉकी स्टिक काढल्या. त्या कॉलेजात गोलकीपर होत्या. समोरच्या हिरवळीवर झाडांना पाणी घालायच्या दोन झाऱ्या ठेवून गोल तयार झाला आणि दोघांची दुपारची प्रॅक्टिस सुरू झाली, मधे नियमाप्रमाणे दोन मीटर राखून. काकांचा गुडघा धावायला तयार नव्हता, पण मनगट अजून तल्लख होतं. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा यायचा. ब्रीडाबाई मात्र काही सोडत नव्हत्या. पहिल्या आठवड्यात काकांचा एकच गोल झाला, तोही "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय" असं सांगून. नाडी सुटलेली नव्हती.

"हे फाऊल आहे," ब्रीडाबाई म्हणाल्या.

"पंच कुठे आहे?" काका म्हणाले. शिट्टी त्यांच्याच खिशात होती.

आता कार्डाविषयी. काका तरुणपणी खडकीच्या एका कारखान्याच्या संघातून खेळायचे. राज्याच्या संघात त्यांची निवड झाली, त्या मोसमात एका टॉफीच्या कंपनीने पाकिटातून नव्या खेळाडूंची कार्डं काढली होती. पत्त्याएवढं कार्ड, पुढे फोटो, मागे नाव: व्ही. साळवी, लेफ्ट-आउट. काकांचं ते पहिलं कार्ड आणि तेच शेवटचं, कारण दुसऱ्या मोसमात गुडघा गेला. ते पासपोर्टच्या पाकिटात प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं असायचं. मंदार त्याला 'रूकी कार्ड' म्हणायचा. नवख्या खेळाडूचं पहिलं कार्ड जुनं झालं की जमवणारे लोक त्यासाठी जीव टाकतात, असं त्याने वाचलं होतं. वडिलांना बरं वाटावं म्हणून त्याने त्याचा फोटो अशा लोकांच्या एका ग्रुपवर टाकला, नावासकट. शिवाय ब्रीडाबाईंनाही दाखवायचं ठरलं. केकच्या ट्रेमध्ये ठेवून आम्ही ते भिंतीपलीकडे सरकवलं.

ब्रीडाबाईंनी चष्मा लावला. "देखणा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "कोण हा?"

"मीच," काका म्हणाले.

त्यांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "मी चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेत. केस जातात, नाक पसरतं. कान बदलत नाहीत."

फोटोतल्या तरुणाचे कान डोक्याला अगदी चिकटलेले होते. काकांचे कान कपाच्या कानांसारखे बाहेर आलेले. मंदार आधी हसला. मग त्याने कार्ड हातात घेऊन निरखून पाहिलं आणि नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. ते वडिलांकडूनच आले होते.

त्या संध्याकाळी काका म्हणाले की फोटोग्राफरने कान दाबून धरायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले की उजेड तसा होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले की म्हातारपणी कान वाढतात, कुठल्याही डॉक्टरला विचार. मी हसत होतो, पण मंदार हसायचा थांबला होता. जेवताना तो अचानक म्हणाला, "बाबा, तुम्ही खरंच खेळलात का?"

काकांचा हात ताटातच थांबला. त्यांनी उठून हात धुतले, पुसले, आणि पहिल्यांदाच सोफ्याच्या मधोमध बसले.

"तो डॉमनिक आहे," ते म्हणाले. "माझा लेफ्ट-इन."

डॉमनिक काकांच्याच गल्लीतला आणि मैदानावर त्यांच्या शेजारच्या जागेवरचा. राज्याच्या सराव शिबिराला दोघं एकाच सायकलवरून जायचे. कार्डांसाठी फोटो काढायचे त्याच सकाळी अंतिम यादी लागली आणि डॉमनिकचं नाव तीत नव्हतं. फोटो फक्त यादीतल्या खेळाडूंचेच. डॉमनिकने बॅग भरायला घेतली. काकांना ती भरलेली बॅग पाहवेना. फोटोग्राफर मुंबईहून आलेला, कोणालाच ओळखत नव्हता. त्याने "साळवी" अशी हाक मारली, तेव्हा काकांनी आपली जर्सी डॉमनिकच्या डोक्यातून घातली आणि त्याला पुढे ढकललं.

"मी म्हटलं, जा, तुझं थोबाड बरं आहे. मला काय, दरवर्षी कार्डं निघतील." काकांनी गुडघा चोळला. "गुडघ्याला विचारायचं राहिलं."

कार्ड बाजारात आलं तेव्हा डॉमनिकच्या आईने टॉफीचे डबेच्या डबे आणले. सगळ्या गल्लीचे दात किडले, पण कार्ड एकच मिळालं, आणि त्यावर नाव काकांचं म्हणून डॉमनिकने ते त्यांनाच दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं खडकीत अनोळखी माणसं डॉमनिकला "काय साळवी" म्हणून हाक मारायची, आणि तो थांबून काकांची ख्यालीखुशाली त्यांच्या वतीने सांगायचा. दोन वेळा त्याने व्ही. साळवी अशी सहीसुद्धा दिली होती. तो गेला तेव्हा त्याच्या मुलीला, शीलाला, त्याचा खेळाच्या कपड्यांतला दुसरा एकही फोटो सापडला नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मंदार म्हणाला. "मी शाळेत दाखवत फिरायचो."

"तू चौथीत होतास," काका म्हणाले. "आपला बाप इतका देखणा होता असं तुला वाटत होतं. मी कशाला नाही म्हणू?"

मंदार उठून वडिलांच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. काकांनी त्याला कोपराने ढोसलं. "माझी जागा आहे ती. सरक."

सप्टेंबरात खास विमानाने काका परत गेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ब्रीडाबाईंना तीन गोल मारले. माझा अंदाज आहे की तिसरा ब्रीडाबाईंनी मुद्दाम सोडला, पण त्या शेवटपर्यंत कबूल झाल्या नाहीत. विमानतळावर सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. काकांचा मास्क कानांवर मात्र झकास बसला होता. "बघ," ते मला म्हणाले, "देवाने कान असे का दिले ते आता कळलं." खडकीला पोचल्यावर विलगीकरणाचे दिवस संपवून ते पहिल्यांदा शीलाच्या घरी गेले आणि ते कार्ड तिला देऊन आले.

२०२१च्या मार्चमध्ये लेफ्ट-आउट काका झोपेत गेले. चाचण्या, विलगीकरण आणि रद्द होणारी विमानं यांतून मंदारला पोचणं शक्यच नव्हतं. शीला आणि तिचा नवरा सगळं करत होते. मंदारने ते आमच्या सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं. ब्रीडाबाई येऊन दाराबाहेर सोडा ब्रेड ठेवून गेल्या आणि कितीतरी वेळ फाटकाशी उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी शीलाचा मेसेज आला. तिकडच्या एका लहानशा वर्तमानपत्राने 'जुन्या पिढीतील हॉकीपटू व्ही. साळवी यांचे निधन' अशी बातमी छापली होती. फोटो त्यांनी इंटरनेटवर शोधला असावा, आणि तिथे त्या नावाचा एकच फोटो होता. बातमीच्या वर, जर्सी घालून, कान डोक्याला चिकटलेला डॉमनिक प्रसन्न हसत होता.

खाली शीलाने लिहिलं होतं: "दादा, अंकल गेले आणि पेपरात पप्पा आलेत. दुरुस्ती छापायला सांगू का?"

मंदारने ते मला वाचून दाखवलं आणि त्याला हसू फुटलं. डोळे पुसत, हसत तो बराच वेळ टाईप करत राहिला, खोडत राहिला. शेवटी त्याने एवढंच पाठवलं.

"नको. दोन अंक जास्त घेऊन ठेव."