पांढऱ्या उंदरांची खोली

सुनंदा गेली त्या दिवशी मला तिच्या संस्थेतून फोन आला. 'ताबडतोब या' एवढेच फोनवर सांगण्यात आले. लालबागहून संस्थेचे परळचे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी चालत गेलो. पोहोचलो तेव्हा सारे संपले होते. प्रयोगाच्या प्राण्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तिला दम्याचा झटका आला. पर्समधला पंप तिने ओढला, पण त्याचा उपयोग झाला नाही. दाराशी तिचे विभागप्रमुख उभे होते. "शेवटच्या क्षणापर्यंत काम करत होत्या," ते म्हणाले. "म्हणूनच गेली," मी म्हणालो. पुढे शोकसभेत 'समर्पण' हा शब्द जवळजवळ प्रत्येक वक्त्याने वापरला. तो शब्द मला मान्य नाही. हे लिहितो आहे ते तेवढ्यासाठीच.

सुनंदा माझी धाकटी बहीण. लग्न केले नाही. लालबागच्या चाळीत माझ्या कुटुंबाबरोबरच राहिली. अ‍ॅलर्जीमध्ये शरीरातल्या पेशी अशा का वागतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. श्वासनलिकेचे अस्तर दुखावले की तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्या संदेशांवरून कोणी प्रतिपिंडे बनवू लागते, कोणी चिकट स्राव वाढवते, आणि काही पांढऱ्या पेशी रक्तातून निघून फुप्फुसात गर्दी करतात. मी शाळेत मुख्याध्यापक होतो, म्हणून माझ्यासाठी तिने वेगळा दाखला शोधला होता. "दादा, घंटा झाली की मुलं वर्गाबाहेर पळतात. त्यात मुलांचा काय दोष? घंटा कोण देतं ते बघायचं." मी म्हणालो, "शिपाई देतो." "आणि शिपाई घरी गेल्यावरही ती वाजतच राहिली तर?" … तोच तिचा प्रश्न होता. अ‍ॅलर्जीचे कारण दूर केल्यावरही सूज का उतरत नाही, संदेश कोण चालू ठेवते, याचा शोध ती अखेरपर्यंत घेत होती.

त्यासाठी पांढरे उंदीर लागत. अंड्याच्या पांढऱ्यातले प्रथिन देऊन ती त्यांना त्याची अ‍ॅलर्जी जडवी, मग तेच त्यांना हुंगायला लावी, आणि एखादा संदेश औषधाने अडवला तर फुप्फुसातली गर्दी कमी होते का, ते पाही. या कामात काही वर्षे गेल्यावर तिला शिंका सुरू झाल्या. मग मनगटांवर गांधी, मग खोकला, मग धाप. आमच्या मजल्यावर निदान लगेच झाले. शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "गो सुनंदा, ह्यो खोकलो त्या मिरचीकांडपाचो. मेल्यांनी गल्ली लाल करून टाकल्यानी!" माझी पत्नी शैला हिचेही तेच मत. "वन्सं, नाकाला रुमाल लावून जात जा हो." सुनंदा हसून म्हणे, "घाला, आळ मिरचीवरच घाला. ती बिचारी काय उलटून बोलणार?"

एका मे महिन्यात ती रजेवर घरीच होती. मसाल्याचा मोसम, कांडपयंत्रे सकाळपासून चालू, चाळीत जो तो खोकत होता. सुनंदा एकदाही खोकली नाही. रजा संपवून कामावर गेली आणि त्याच आठवड्यात तिची छाती पुन्हा वाजू लागली. मी विचारले तेव्हा तिने काहीही लपवले नाही. उंदरांच्या मूत्रातले आणि अंगावरचे प्रथिन हवेत तरंगते. ते हुंगून हुंगून तिला उंदरांचीच अ‍ॅलर्जी जडली होती. जे ती त्यांना करीत होती, तेच तिला झाले होते.

"तुला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या शिंकेपासून."

"मग ती खोली सोड."

"सोडली की काम दुसऱ्याच्या हातात जाईल, दादा. मला टेबलावर बसवतील."

"टेबलावर बसणारी माणसं जगतात."

"हो ना. तुझ्यासारखी."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्यानंतरही मी अनेकदा बोललो, शैला रडली, दादरच्या आमच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट शब्दांत बजावले. ती मुखपट्टी बांधे, हातमोजे घाली, औषधे वेळेवर घेई, आणि पुन्हा त्या खोलीत जाई. संस्थेत कोणाला सांगू नये, ही तिची अट होती. सांगितले तर घर सोडीन, म्हणाली. आजाराची पायरी न् पायरी आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा तो आपल्याला चकवणार नाही, असा तिचा समज होता. तिच्या पेशींना तिची पदवी ठाऊक नव्हती.

गेल्या रविवारी तिची विद्यार्थिनी तन्वी काही पुस्तके न्यायला घरी आली. मुलगी हुशार आहे; सुनंदाचे काम आता तीच पुढे नेते आहे. चहाचा कप घेण्यासाठी तिने हात पुढे केला, तेव्हा मनगटावर लाल गांधी दिसल्या.

"हे कधीपासून?" मी विचारले.

तिने बाही खाली ओढली. "डास, काका."

"डासांची गांधी मला ओळखता येते. विभागप्रमुख सरांना सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं तर पीएचडी अडकेल हो. सगळं पहिल्यापासून… मॅडमनी पण कुठं सांगितलं होतं?"

"तुझी मॅडम मेली," मी म्हणालो, आणि फोन तिच्यापुढे ठेवला. "तू सांगतेस, की मी सांगू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी फोन मागे घेतला नाही. अखेर तिने नंबर लावला आणि पलीकडून आवाज येताच मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. कामावरून आल्यावर सुनंदा तिथे कठडा धरून, खांदे वर ओढून उभी राही, आणि श्वास खाली बसल्याशिवाय घरात पाऊल टाकीत नसे. आम्हांला वाटे, वारा खाते आहे. मी तिथेच उभा राहिलो. आत ती मुलगी अडखळत, पण सगळे सांगत होती. एवढेच सुनंदाला करता आले असते. तिने ते केले नाही, आणि मी तिला क्षमा केलेली नाही.