व्याह्यांच्या शर्टाचं माप

एका प्रत्ययामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी तारापूरच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त होऊन सालवडला स्वस्थ बसलो होतो. आमच्या वैशालीने ब्राझीलमध्ये नोकरी धरली, तिथल्याच राफाएलशी लग्न ठरवलं आणि लग्न मात्र पालघरला करायचं म्हणाली. व्याही-विहीणबाईंना पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. आम्हा दोघांपैकी कोणीतरी शिकायला हवं होतं. माझी बायको सातपाटीची. ती म्हणाली, "मला बाजारात जायाचं हाय. तुमाला काय काम हाय?"

तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी मी मोबाईलवर पोर्तुगीज शिकायला बसलो. चार महिने क्रियापदांनी माझा जीव खाल्ला. (एवढे प्रकार आमच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांचेही नव्हते.) शेवटी वैशालीलाच दया आली. तिने एक सोपी युक्ती सांगितली: शब्दाच्या शेवटी 'इन्यो' किंवा 'इन्या' लावायचं, की वस्तू छोटी होते आणि बोलणं गोड. कॉफीला 'काफे' म्हणतात, त्याचं 'काफेझिन्यो'. बटाट्याला 'बताता', त्याचं 'बतातिन्या'. आपल्याकडे कारकुनाचा कारकुंडा केला तर माणूस दुखावतो. तिकडे म्हणे लाडावतो. मी क्रियापदं सोडून दिली आणि दिसेल त्या शब्दाला शेपूट लावत सुटलो.

साखरपुड्याआधी व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे व्याही, विहीणबाई, राफाएल आणि त्याची आजी. वैशालीही त्यांच्यातच बसलेली. काफेझिन्यो झाला, बतातिन्या झाल्या. विहीणबाई खूश. मला चेव आला. व्याह्यांना पालघरच्या शिंप्याकडून शर्ट शिवून द्यायचा आमचा बेत होता. शर्टाला 'कामीझा' म्हणतात, हे मला पाठ होतं. मी त्यालाही शेपूट लावलं.

म्हणालो, व्याह्यांसाठी एक कामिझिन्या शिवून घेतोय. रेशमी. शिंपी आमचा जुना आहे, माप तेवढं पाठवा.

पलीकडे कुणी हलेना. मला वाटलं नेट गेलं, म्हणून तेच पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. राफाएलच्या आजीने चष्मा लावला. एवढ्यात हिने मला कोपराने ढोसलं. "सैल पायजे का अंगाबरोबर, ते इचारा."

मी विचारलं. वर धीर दिला, की संकोच करू नका, मांडवात सगळ्यांसमोर मीसुद्धा तसलीच घालणार आहे.

विहीणबाई उठून आत गेल्या. वैशालीने तोंड झाकलं. कॉल बंद झाला आणि मिनिटभराने तिचा मेसेज आला: "आप्पा, कामीझा म्हणजे शर्ट. कामिझिन्या म्हणजे निरोध."

मी पंख्याखाली नुसता बसून राहिलो. लेकीचं ठरलेलं लग्न आपल्याच तोंडाने घालवलं, या विचाराने जेवणही गेलं नाही. ही पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी म्हणालो, त्यांना रंग पसंत नसावा.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा निरोप आला. (निरोप. शेवटचं अक्षर नीट वाचावं.) वैशालीने भाषांतर करून पाठवला होता: छाती बेचाळीस, बाकीच्या मापाची आता या वयात गरज नाही. विहीणबाई आत गेल्या होत्या त्या हसायला, तेही तेव्हाच कळलं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. तिकडून पाच माणसं येणार होती, चौदा आली. वरची नऊ, वैशाली सांगते, मला बघायला आली होती.