लिंबाच्या ओंडक्यावरचा धोंडा

मुळा धरणाचं पाणी चढलं की तरंगत आलेला लाकूडफाटा काठाला लागे आणि गोजरबाई पाठीला दोन वाळके भोपळे बांधून पाण्यात उतरे. पन्नाशीची बाई, पण पोहायला लागली की मासोळी. काठावर आणलेल्या ओंडक्यावर ज्याचा धोंडा, त्याचं लाकूड, हा तिथला कायदा. तो मोडणाऱ्याची गोजरबाई अशी खरडपट्टी काढी की गडी आठ दिवस पाण्याकडे फिरकत नसे.

गाव धरणात गेलं, नव्या वस्तीत घर उभं राहिलं, पण दाराला उंबरा नव्हता. नवरा सहादू म्हणे, "आनतो की बाभळीचा." ती म्हणे, "थांबा वाईच." जुन्या अंगणातला लिंब तोडताना ठेकेदाराच्या माणसांनी फांद्या नेल्या, खोडात बैल बांधायची लोखंडी कडी रुतलेली, करवत मोडेल म्हणून बुंधा तिथंच टाकला. तो एक दिवस वर येणारच, असा बाईचा हट्ट. दोन वर्षं घर उंबऱ्याविना.

त्र्याहत्तरच्या श्रावणात तो आला, कडीसकट! गोजरबाईनं तो ओढून काठाला लावला, कडीवरून हात फिरवला आणि सहादूला गाडीसकट आणायला पळत सुटली. धोंडा ठेवलाच नाही. आपल्याच लिंबावर धोंडा कशाला ठेवायचा?

परत येऊन बघते तर ओंडक्यावर हा मोठा धोंडा, आणि शेजारी पलीकडच्या वस्तीवरचा आसाराम विडी ओढत बसलेला.

"आसाराम, लिंब माजा हाय रं!"

"आसंल आत्या. पन धोंडा माजा हाय. कायदा तुमीच शिकवला."

आपलेच दात, आपलेच ओठ. सहादू भांडायला सरसावला, तर तिनंच त्याला मागं ओढलं. "चला. कायदा म्हंजी कायदा." चार पावलं गेली आणि तिला रडू फुटलं. गोजरबाईला रडताना त्या काठानं कधी पाहिलं नव्हतं. आसारामनं विडी टाकली.

"आत्या, काय करनार हुता त्येचं?"

"उंबरा."

त्यानं डोकं खाजवलं. "लाकूड माजं हाय ना? मग माजं मी कुनालाबी दीन. आना गाडी हिकडं."

तो धोंडा ढकलायला गेला तशी ती डोळे पुसत ओरडली, "ऱ्हाऊ दे! धोंड्यासकट दे, म्हंजी रीतसर हुईल."

दसऱ्याला उंबरा बसला, कडी दाराला लागली. धोंडा अंगणात बसायला ठेवला; पण त्यावर आसारामशिवाय कुणाला बसू दिलं नाही बाईनं, सहादूलासुद्धा.